ओसरीची दोन पाखी

पुण्याच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. आढे, वासा, वळचण हे शब्द मुलांना समजावून सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही. पण पाटसच्या घराच्या ओसरीवर छप्पर घालायची वेळ आली आणि माझी सारी विद्या उताणी पडली!

दौंडचा हा मुलूख कोरडा. म्हणून इकडची जुनी घरे सपाट, मातीच्या धाब्याची. आमच्या ओसरीचे धाबे खचले. तिथेच आईची रोजची बैठक.

धाकटा म्हणाला, "पत्रे टाकू." पण वैशाखात पत्र्याखाली बसायचे कोणी? शेवटी मंगलोरी कौले ठरली. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासूनची ही कौले.

खर्चाकडे पाहून मी एकपाखी छप्पर सुचवले. सुतारमामा हसले.

"मास्तर, दोन फुटांस एक फूट उतार धरा. भिंतीशी उंची दहा फूट, ओसरी आठ फूट खोल. पुढे किती उरली?"

सहा फूट! वळचण त्याहून खाली.

"म्हणजे मला रस्ता दिसायचा नाही," आई एवढेच बोलली. त्याच रस्त्याने वडील स्टेशनावरून घरी येत.

दुपाखी ठरले. आढे भिंतीतून थेट पुढे, उतार दोन्ही अंगांना. रुंदी बारा फूट, म्हणून उतार तीनच फूट. पाणीही पायरीवर न पडता कडेला जाते. लाकूड जास्त लागले, खिसा हलका झाला.

वडील जाऊन दहा वर्षे झाली. पण दिवेलागणीला आई अजून ओसरीवर येऊन बसते. तिला रस्ता दिसतो.