शिक्षेनंतर उरणारा प्रश्न

मधल्या सुटीत दोन विद्यार्थ्यांची मारामारी होते. पालकांना चिठ्ठी जाते, मारणाऱ्या मुलाला आठवडाभर शाळेत येण्यास मनाई केली जाते आणि प्रकरण मिटले, असे शाळेला वाटते. मात्र, मार खाल्लेल्या मुलाची भीती तशीच राहते आणि घरी बसवलेला मुलगा अधिकच राग घेऊन परततो. आठवड्यानंतर दोघे पुन्हा त्याच वर्गात समोरासमोर येतात. शिक्षेने नियम राखला. झालेले नुकसान कोणी भरून काढायचे, हे मात्र कोणीच विचारले नाही.

नेमका हाच प्रश्न 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस', अर्थात पुनर्स्थापक न्याय विचारतो. न्यूझीलंडने १९८९च्या कायद्याने बालगुन्हेगारीच्या प्रकरणांत कुटुंबीयांना एकत्र बसवून तोडगा काढण्याची पद्धत स्वीकारली. तिच्यामागे माओरी समाजाची परंपरा होती. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात १९९४ मध्ये मार्गारेट थॉर्सबोर्न या समुपदेशिकेने अशी बैठक शाळेत घेतली. शाळेच्या नृत्यसमारंभानंतर झालेल्या गंभीर मारहाणीचे ते प्रकरण होते.

या बैठकीत दोन्ही बाजूंचे विद्यार्थी, पालक व शिक्षक वर्तुळात बसतात. प्रशिक्षित संयोजक ठरावीक प्रश्न विचारतो. काय घडले? त्या वेळी मनात काय होते? कोणाला झळ पोहोचली? ती भरून काढण्यासाठी आता काय करावे लागेल? 'का केलेस?' हा प्रश्न शक्यतो टाळला जातो, कारण त्यातून सबबीच अधिक बाहेर येतात. शेवटी सर्वांना मान्य असलेला करार होतो आणि तो पाळला जातो की नाही, हे काही दिवसांनी तपासले जाते.

यासाठी दोन अटी आवश्यक आहेत. चूक करणाऱ्याने ती कबूल केली पाहिजे आणि ज्याला इजा झाली, त्याची बैठकीला स्वखुशीने तयारी हवी. बळजबरीने वदवून घेतलेली माफी ही दुसरी शिक्षाच ठरते. शिवाय, बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे २०१२च्या 'पॉक्सो' कायद्याने बंधनकारक आहे. अशी प्रकरणे वर्तुळात मिटवता येत नाहीत.

ही पद्धत म्हणजे रामबाण उपाय नव्हे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातील ४४ शाळांचा 'रँड' संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीने निलंबन कमी झाले आणि शिक्षकांच्या मते शाळेतील वातावरणही सुधारले. परंतु सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची अभ्यासातील कामगिरी घसरली.

भारतात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने २००९ मध्ये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. छडी कायद्याने काढून घेतली. तिच्या जागी काय आणायचे, हे शाळांनी ठरवायचे आहे. वर्तुळात बसण्यासाठी वेळ, प्रशिक्षित शिक्षक व समुपदेशक लागतात. वेळापत्रकात त्यासाठी जागा ठेवली नाही, तर तंटा मिटेल तो केवळ कागदावरच.