सिंहाचा वाटा, खारीचा वाटा



मागच्या वर्षी आमच्या गटाचा अहवाल इंग्रजीत द्यायचा होता. मसाल्याचा धंदा उभा करताना आमच्या अध्यक्षताई रात्रंदिवस राबल्या. म्हणून मी कौतुकाने लिहिलं, ‘अवर प्रेसिडेंट हॅज द लायन्स शेअर इन द प्रॉफिट’. मला म्हणायचं होतं, आमच्या नफ्यात ताईंचा सिंहाचा वाटा आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “नफ्यातली जास्त रक्कम अध्यक्षांनीच घेतली का?” ताईंचा चेहराच उतरला. चूक माझी आणि बट्टा त्यांच्या नावाला! हिशेबाच्या वह्या दाखवल्या, तेव्हा मिटलं.

असं का झालं? मराठीत वाटा घेतातही आणि उचलतातही. ‘सिंहाचा वाटा’ आपण बहुतेक वेळा कौतुकानेच म्हणतो. पण मूळ गोष्ट इसापनीतीतली. सिंह, गाय, शेळी आणि मेंढी मिळून शिकार करतात. चार वाटे पडतात. एक मी राजा म्हणून, एक माझं बळ जास्त म्हणून, असं करत चारही वाटे सिंहच घेतो!

इंग्रजीत आज त्याचा अर्थ ‘सगळ्यात मोठा हिस्सा’ एवढाच. कौतुक की तक्रार, ते सोबतच्या शब्दांवर ठरतं. काम केलं असेल तर लिहा, ‘शी डिड द लायन्स शेअर ऑफ द वर्क’. ‘डिड’ म्हणजे केलं, ‘वर्क’ म्हणजे काम. ‘गॉट’ किंवा ‘हॅज’च्या जोडीला ‘प्रॉफिट’ आलं, की पैसे घेतले असाच अर्थ निघतो. आणखी एक. आपण ‘कामात वाटा’ म्हणतो, म्हणून ‘इन’ लिहावंसं वाटतं. तिथे ‘ऑफ’ हवं.

आता खारीचा वाटा. अंगाला लागलेली वाळू सेतूवर झटकणारी खार आपल्या रामकथेतली. इंग्रजीत ‘स्क्विरल्स शेअर’ लिहिलं तर कुणाला कळणार नाही. सरळ ‘स्मॉल कॉन्ट्रिब्यूशन’ लिहावं. मात्र इंग्रजीत ‘स्क्विरल अवे’ म्हणतात. खार दाणे लपवते, तसे थोडे थोडे पैसे बाजूला ठेवणं. डाळीच्या डब्यातली नोट आठवली ना?

तेव्हा बायांनो, इंग्रजी कागदावर सही करण्याआधी प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा : केलं कुणी आणि घेतलं कुणी? उत्तर कळलं नाही, तर समजेपर्यंत पेन उचलू नका.