बाराव्या वर्षी घर बदललं तर?

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा शेतकऱ्याचं ते बारा वर्षांचं पोर निरक्षर होतं. सहा वर्षांत, सयाजीराव म्हणून, त्यांनी राज्याचा कारभार हाती घेतला. पुढे १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण ऐन तारुण्यात त्यांना झोप लागेना. १८८७ साली प्रकृतीसाठी युरोप गाठावा लागला. कशामुळे? दुरावलेलं घर, दोन वर्षांपूर्वी वारलेली पत्नी, की कामाचा ताण? एका माणसाच्या आयुष्यावरून हे सांगता येत नाही. त्यासाठी शेकडो मुलांची घरं एकाच वेळी बदलायला हवीत, आणि तसा प्रयोग कोण करणार?

तो आपसूक घडला! अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात जेन कॉस्टेलो आणि सहकारी १९९३ पासून १,४२० मुलांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास करत होते. त्यांतली साधारण पाव मुलं चेरोकी या मूळनिवासी जमातीची. मध्येच जमातीने कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा दर सहा महिन्यांनी प्रत्येक चेरोकी कुटुंबाला मिळू लागला. अट काहीच नाही. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांची मारामारी, आडदांडपणा इतका ओसरला की कधीच गरीब नसलेल्या मुलांपासून ती वेगळी ओळखू येईनात. उदासी आणि भीती मात्र तेव्हा फारशी हटली नाही, हेही प्रांजळपणे नोंदवलेलं आहे.

मला थक्क करतं ते पुढचं. हीच मुलं एकविशीत आली तेव्हा पुन्हा तपासली. पैसे सुरू झाले तेव्हा जी बारा वर्षांची होती, त्यांच्यात मानसिक विकार, विशेषतः दारू-गांजाचं व्यसन, चौदा आणि सोळा वर्षांच्यांपेक्षा कमी आढळलं. जमात तीच, रक्कमही तीच!

पैशाने नेमकं केलं काय? संशोधकांना सापडलेला मोठा धागा अगदी घरगुती आहे: आईवडिलांना पोरांकडे बघायला उसंत मिळाली. पोर कुठे आहे, कोणाबरोबर आहे, हे त्यांना ठाऊक असू लागलं. सोळा वर्षांच्यांना सज्ञान होण्याआधी असं घर जेमतेम दोन वर्षं लाभलं, बारा वर्षांच्यांना सहा.