आपल्याही रूमवर वाजू द्या भोंगा!

रात्रीचे साडेअकरा. पहाटे पाचला मैदानावर जायचंय. पोलीस भरतीचं १६०० मीटरचं टायमिंग अजून बसत नाहीये. "पाचच मिनिटं बघतो अन् झोपतो," असं म्हणत तुम्ही मोबाइल हातात घेता. मान वर करता तेव्हा सव्वा वाजलेला असतो! पहाटे गजर बंद होतो, धावणं राहतं आणि दिवसभर स्वतःवरच चिडचिड. काय, ओळखीचं वाटतंय ना?

जालन्यातली अभ्यासिका असो की भोकरदन-परतूरहून शिकायला आलेल्या पोरापोरींची रूम, गोष्ट सगळीकडं तीच. आणि दोष आपण देतो स्वतःला. "माझा कंट्रोलच नाही यार!" पण जरा थांबा. पेपरला शेवटचं पान असतं, सिनेमा संपतो. रील का संपत नाही? कारण ती संपू नये अशीच सोय केलेली आहे. बोटानं कितीही सरकवा, खाली नवं काहीतरी येतच राहतं. ही युक्ती एझा रास्किन या अमेरिकन डिझायनरनं २००६ मध्ये काढली आणि पुढं त्याबद्दल त्यानंच जाहीरपणे खंतही व्यक्त केली. म्हणजे तुमची झुंज आहे ती मोठमोठ्या कंपन्यांशी. तीही एकट्यानं, अंथरुणात पडून, अर्ध्या झोपेत. हरणारच की!

मग एकट्यानं लढायचंच कशाला? सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. कोरोनात पोरांच्या हातात ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल आले. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण मोबाइल काही हातातून सुटेनात. तेव्हा सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नियम केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा, मग सुरू. मधला दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा, गप्पांचा. सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावून सांगितलं, आणि हळूहळू गावाला सवय लागली.

यातली गंमत लक्षात आली का? मोबाइल कुणी फोडला नाही की फेकून दिला नाही. फक्त वेळ ठरवली, आणि ती सगळ्यांनी मिळून पाळली. शेजारच्याचाही फोन बंद असला की आपलं काही हुकतंय ही धास्तीच उरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या-तेवढ्यानं काय फरक पडतो? पडतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या एका गटानं फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅटला दिवसाला दहा-दहा मिनिटंच द्यायची, असं ठरलं. तीन आठवड्यांनी या गटातल्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झालेली दिसली. हे अॅप त्यांनी बंद केले नव्हते, फक्त आवरते घेतले होते.

शरीराचंही तेच. रात्री डोळ्यांवर पडणारा स्क्रीनचा उजेड झोप आणणारं मेलाटोनिन दाबून ठेवतो. टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. मान वाकवून बसलं की डोक्याचा भार मानेला कितीतरी जास्त पेलावा लागतो. आणि झोप अपुरी राहिली की वाचलेलं लक्षात राहत नाही. म्हणजे अभ्यासही गेला अन् मैदानही.

तर मग आपला भोंगा कसा वाजवायचा?

आधी सेटिंगमध्ये जाऊन दिवसाचे किती तास जातात ते बघा. आकडा बघूनच घाम फुटेल! ऑनलाइन क्लास, फॉर्म, घरचे फोन हे काम आहे, ते वेगळं काढा. उरलेल्या वेळावर घाव घाला. रूमवर चौघं असाल तर रात्री दहाला चारही फोन एका डब्यात ठेवा. जो आधी उचलेल त्यानं उद्याचा चहा पाजायचा! गजरासाठी साधं घड्याळ आणा, म्हणजे फोन उशाशी ठेवायचं निमित्तच संपतं. घरी असाल तर जेवताना आई-बाबांचाही फोन बाजूला ठेवायला लावा. नियम एकट्या पोरांसाठी नसतो. आणि रिकामा झालेला वेळ रिकामा ठेवू नका, नाहीतर हात पुन्हा तिकडंच जाईल. मित्राला हाक मारा, मोती तलावाला एक चक्कर मारून या.

पहिले तीन-चार दिवस चुकल्यासारखं होईल. होऊ द्या. एखाद्या दिवशी नियम मोडलाच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. मात्र फोन बाजूला ठेवूनही कित्येक दिवस झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ते एकट्यानं सोसू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला किंवा डॉक्टरांना भेटा.

आणि हो, हे मोबाइलवरच वाचत असाल, तर आता बाजूला ठेवा बरं. पहाटे पाचला मैदानावर भेटायचंय ना?