अक्षरांची शिदोरी

वाशीम हे गाव प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने ओळखले जाई. वाकाटक राजांच्या एका शाखेची ती राजधानी होती. राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट याच गावी सापडला. कोरल्यापासून सोळा शतके लोटली, तरी जाणकारांना तो आजही वाचता येतो. कारण तांब्यावर मजकूर व अक्षर ही दोन्ही एकाच घावाने उमटतात. ती एकमेकांपासून वेगळी होत नाहीत.

संगणकावरील मजकुराची तऱ्हा निराळी आहे. समजा, वाशीमच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळविली आणि छपाईसाठी ती अकोल्याला पाठविली. तेथे ती उघडताच वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसू लागला! मजकूर कोणी बिघडविला? कोणीही नाही. वाशीमच्या संगणकातील अक्षरसंच अकोल्याच्या संगणकात नव्हता, एवढेच.

अक्षरसंच म्हणजे काय? पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे असत. लाकडी खणांतून एकेक खिळा उचलून जुळारी ओळ जुळवीत असे. मुंबईत १८६९ साली स्थापन झालेला निर्णयसागर छापखाना आपल्या सुबक खिळ्यांसाठी नावाजला होता. अक्षरांचे नवे वळण हवे असेल, तर नवे खिळे आणावे लागत. पुढे १९८५ साली पेजमेकर ही आज्ञावली निघाली आणि पानाची जुळणी हळूहळू संगणकावर होऊ लागली. खिळ्यांची जागा अक्षरसंचाने घेतली. त्यालाच फॉन्ट म्हणतात. त्यात प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा साठविलेली असते. म्हणून अक्षर कितीही मोठे केले, तरी त्याची कड फाटत नाही.

नवा फॉन्ट जोडणे सोपे आहे. त्याची फाईल संगणकात आणून उघडावी व 'इन्स्टॉल' ही कळ दाबावी. मग जुळणीची आज्ञावली बंद करून पुन्हा उघडावी, म्हणजे फॉन्टचे नाव यादीत दिसू लागते. परंतु कोणता फॉन्ट जोडावा, हे ठरविण्यास विचार लागतो.

जुन्या फॉन्टांत मराठी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसविलेल्या असत. फॉन्ट नसला की मूळचे घरधनी पुढे येत. लग्नपत्रिकेचे तेच झाले. युनिकोड या जागतिक व्यवस्थेने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. 'क'चा क्रमांक २३२५, तर 'ळ'चा २३५५. त्यामुळे एक फॉन्ट नसला, तर दुसरा त्याची जागा घेतो. वळण बदलते, पण शब्द वाचता येतो. तथापि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. म्हणून त्यावर काम करणाऱ्यांना जुने फॉन्ट जपून ठेवावे लागतात.

वळण हीदेखील क्षुल्लक बाब नव्हे. मराठीने पाकळीचा 'ल' व देठाचा 'श' आपला मानला असून महाराष्ट्र शासनाने २००९ साली तीच रूपे ठरवून दिली. फॉन्ट निवडताना ही रूपे त्यात आहेत काय, 'तऱ्हा' या शब्दातील अर्धा 'र' नीट उमटतो काय, हे पाहावे. प्रत्येक आकृतीमागे कलावंताचे श्रम असतात. 'मंगल' हा फॉन्ट रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखाटला. काही फॉन्ट सर्वांसाठी खुले असतात, तर काहींचे मोल द्यावे लागते. ते न देता फॉन्ट वापरणे म्हणजे दुसऱ्याचे श्रम हिरावून घेणे होय.

प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण शिदोरी बांधून देतो. मजकूर परगावी पाठवितानाही त्याच्याबरोबर त्याची अक्षरे द्यावीत. पीडीएफ फाईल तयार करताना फॉन्ट तिच्यात अंतर्भूत करता येतो. मग मजकूर व अक्षर ताम्रपटाप्रमाणे एकत्र राहतात, आणि वाशीमला लिहिलेले नाव कोठेही गेले तरी तेच नाव राहते.

स्वाध्याय

१. लग्नपत्रिकेतील नावे अकोल्याच्या संगणकावर का वाचता आली नाहीत?
२. ताम्रपटावरील मजकूर व संगणकावरील मजकूर यांत कोणता फरक आहे?
३. घरातील एखादे छापील पान पाहा. त्यातील 'ल' व 'श' यांची वळणे वहीत काढा.