बाळामागे उरणारे दोन साठे

ज्या वस्तूचा उपयोग तीन-चार तासांत संपतो आणि जिचे अवशेष मात्र ती वापरणारे बाळ म्हातारे झाले तरी जमिनीत शाबूत राहण्याचा संभव असतो, ती वस्तू म्हणजे आज शहरातील तान्ह्या बाळाच्या घरी गृहीतच धरलेला डायपर होय. दिवसाला सहा या हिशेबाने अडीच वर्षांत एका बाळामागे सुमारे साडेपाच हजार डायपर होतात. या ढिगाची चर्चा अधूनमधून होते. परंतु त्याच डायपरच्या निमित्ताने बाळाच्या नावे दुसराही एक साठा जमत असतो, आणि तो माहितीचा असल्यामुळे त्याला दुर्गंधी येत नाही. कचरा आणि माहिती यांचा एकत्र विचार प्रथमदर्शनी विजोड वाटेल. तथापि दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. कारखानदार जी वस्तू आपल्या घरात पाठवतो आणि जी माहिती आपल्या घरातून नेतो, तिच्या शेवटाची जबाबदारी कोणाची?

डायपर उकलून पाहिला, तर त्वचेलगत पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचे न विणलेले मऊ वस्त्र, बाहेरच्या अंगाला पाणी अडवणारा पॉलिएथिलीनचा पापुद्रा आणि मध्ये पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडाचा पिंजलेला लगदा आढळतो. १९६१ साली अमेरिकेतील पिओरिया शहरात पॅम्पर्स प्रथम चाचणीदाखल विक्रीस आला, तेव्हा शोषणाची सारी भिस्त लगद्यावर होती. आज त्या लगद्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे बारीक पांढरे कण मिसळलेले असतात, आणि डायपर पूर्वीपेक्षा सडपातळ झाला तो त्यांच्यामुळे. या कणांतील लांबलचक रेणुशृंखला एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात. पाण्याचा स्पर्श होताच शृंखलांवरील ऋणभारित गट परस्परांना दूर लोटू लागतात, आतील सोडियमच्या आयनांमुळे तर्षणदाब निर्माण होऊन पाणी आत ओढले जाते, आणि बंध तुटत नसल्यामुळे कण न विरघळता भिजवलेल्या साबुदाण्याप्रमाणे फुगतो. शुद्ध पाणी तो स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पितो. क्षारयुक्त मूत्र मात्र त्या मानाने फारच थोडे. फुगलेल्या कणांवर चमचाभर मीठ टाकून पाहावे. बाहेरचे क्षार वाढल्याने तर्षणदाबाचा तोल फिरतो आणि पाणी सुटू लागते.

ज्या टिकाऊपणामुळे हा पदार्थ उपयोगी ठरला, तोच त्याच्या शेवटी आडवा येतो. शृंखलेचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असून सूक्ष्मजीवांना तो सहजी तोडता येत नाही. प्लास्टिकच्या थरांची गोष्ट तीच. तरीही कापडी लंगोट म्हणजे पुण्य आणि डायपर म्हणजे पाप, इतका सोपा निवाडा विज्ञान देत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये केलेल्या जीवनचक्र-परीक्षणात, अडीच वर्षांच्या वापरासाठी डायपरच्या वाट्याला सुमारे ५५० किलो, तर कापडी लंगोटांच्या वाट्याला सरासरी ५७० किलो कार्बन डायॉक्साइडइतके उत्सर्जन आले. मात्र यंत्र पुरते भरून धुतलेले, दोरीवर वाळवलेले आणि धाकट्या भावंडालाही वापरलेले लंगोट हा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरवतात. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत अशा प्रकारे आकड्यांच्या कसोटीलाही उतरते. परंतु उत्सर्जनाच्या आकड्यात न मावणारीही एक बाजू आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या भगिनी घरोघरचा कचरा हाताने निवडतात. डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, एवढीच मागणी घेऊन तेथे मोहीम चालवावी लागली, यावरून उघड्या डायपरचा भार अखेर कोणाच्या हातांवर पडतो हे ध्यानात येते.

आता दुसरा साठा पाहू. डायपरचा गिऱ्हाईक हा बाजाराच्या दृष्टीने अमोलिक असतो, कारण नव्या अपत्याच्या आगमनाने घराच्या सगळ्या खरेदीची घडी बदलते आणि त्या संधिकाळी जडलेली सवय पुढे टिकते. म्हणूनच पाकिटातील सांकेतिक अंक अ‍ॅपमध्ये भरल्यास गुण आणि सवलत मिळते, आणि त्याबरोबर बाळाची जन्मतारीख, किंबहुना अपेक्षित प्रसूतीची तारीखही विचारली जाते. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने सुगंधरहित लोशन, कॅल्शियम-झिंकच्या गोळ्या अशा सुमारे पंचवीस वस्तूंच्या खरेदीवरून गरोदरपणाचा अदमास बांधण्याची गणिती रीत बसवली होती, हे २०१२ मध्ये जगजाहीर झाले. २०१९ मध्ये पॅम्पर्सने ‘लुमी’ ही योजना जाहीर केली; तीत डायपरला जोडलेला संवेदक ओलेपणाची व झोपेची नोंद आईबापांच्या फोनवर धाडीत असे. जे मूल अद्याप बोलू लागलेले नाही, त्याच्या देहधर्मांचे दप्तर अशा रीतीने त्याच्या संमतीवाचून उघडले जाते.

वास्तविक ओलेपणाची वर्दी देणारे एक साधन डायपरवर आधीच असते, आणि त्याचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. बाहेरच्या अंगावरची ती बारीक पिवळी रेघ म्हणजे बहुधा ब्रोमोफिनॉल ब्लू या रंजकाचा लेप. आम्लतेत तो पिवळा राहतो. मूत्राच्या स्पर्शाने आम्लता उतरली की निळा होतो. आईला हवे ते ज्ञान तिला तत्काळ मिळते, ते तिच्यापाशीच राहते आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. प्रयोजनापुरतेच जाणणे, हे खासगीपणाच्या शास्त्रातले जे मूलतत्त्व, ते या रेघेत रसायनाने सिद्ध करून ठेवले आहे.

कायदा या दोन्ही बाबतींत अगदीच मूक नाही. प्रत्येक डायपरच्या विल्हेवाटीसाठी उत्पादकाने पाकिटासोबत पिशवी किंवा वेष्टन द्यावे, अन्यथा पुनर्वापरयोग्य सामग्रीची शक्यता शोधावी, असे घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी सांगितले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती आवश्यक करून, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस सर्वसाधारणपणे मनाई केली. मात्र पाकिटातील पिशवी हा कचऱ्याचा शेवट नव्हे, आणि अटींच्या लांबलचक मजकुराखाली उमटवलेली खूण ही खरी संमती नव्हे.

शेवटाची आखणी अशक्य नाही. जपानमधील शिबुशी नगरात युनिचार्म कंपनीने २०१६ पासून वापरलेले डायपर वेगळे गोळा करून, त्यांतील लगदा ओझोनने निर्जंतुक करून पुन्हा डायपरच्याच कामी आणण्याचा उद्योग आरंभला. खर्चाचे व संकलनाचे प्रश्न बिकट असले, तरी ज्याने वस्तू घडवली त्यानेच तिचे विघटन शिकले पाहिजे, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. हेच तत्त्व माहितीलाही लागू व्हावे. प्रत्येक नोंदीचे प्रयोजन आणि तिची मुदत आरंभीच लिहिलेली असावी, बाळाचा डायपर सुटला की त्याचे खातेही मागणीवाचून पुसले जावे, आणि सवलतीच्या मोबदल्यात जन्मतारीख मागणे बंद व्हावे. जो उत्पादक पाकिटावर हिरवे पान छापतो, त्याला आपण हे दोन हिशेब एकत्रच मागितले पाहिजेत; कारण कचरा आणि नोंद या दोहोंसह ज्याला पुढे जगायचे आहे, त्या बाळाला आज स्वतःसाठी काहीही मागता येत नाही.