नाना फडणिसांचे घरचे कागद

पिरंगुट येथील एका घरी मोडी कागदांचा रुमाल उलगडीत असता एका विद्यार्थ्याने विचारले, यांतील घरचे कागद कोणते आणि सरकारी कोणते? वसुलीची पावती व लग्नाच्या खर्चाची याद एकत्रच बांधलेली होती. नाना फडणीस (१७४२–१८००) यांच्या कागदपत्रांविषयी हाच प्रश्न अधिक बिकट होतो.

मराठी ‘फड’ आणि फारसी ‘नवीस’ यांच्या संयोगाने ‘फडनवीस’ हा शब्द सिद्ध झाला. कचेरीत लिहिणारा, हिशेब राखणारा, तो फडनवीस. हे पद भानू घराण्यात वंशपरंपरेने चालत असल्यामुळे कागद सांभाळणे हे घरचेच काम होते. पुढे बारभाईंचे कारस्थान (१७७४), सालबाईचा तह (१७८२), खर्ड्याची लढाई (१७९५) या साऱ्यांत कारभाराची सूत्रे नानांच्या हाती राहिली. साहजिकच वकिलांची व सरदारांची पत्रे त्यांच्या नावे येत. वाईजवळच्या मेणवलीस साठलेले हे दप्तर द. ब. पारसनीसांनी हस्तगत केले, आणि त्यांच्या साताऱ्याच्या संग्रहाबरोबर ते १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. पेशवे दप्तर राज्याचे व मेणवली दप्तर घराचे, हा भेद कागद कोठे राहिले यावरून आपण करतो. मजकुरावरून तो टिकत नाही.

या पत्रव्यवहारात लिहिणाऱ्याचे मन सहसा दिसत नाही. ‘विनंति उपरि’ने आरंभ, ‘बहुत काय लिहिणे’ने समाप्ती, आणि मध्ये बातमी, मसलत, रकमा. साचा इतका पक्का की त्यात ‘मी’ला जागाच उरत नाही.

तो ‘मी’ भेटतो नानांच्या त्रोटक आत्मवृत्तात. जॉन ब्रिग्जने त्याचे इंग्रजी भाषांतर केले होते. बालपण, स्वतःच्या दोषांची कबुली, पानिपतावर झालेली मातेची ताटातूट हे सारे तेथे सरळ, आडपडदा न ठेवता येते. प्रस्तुत लेखकास तर त्यातील गद्य सबंध दप्तराहून मोलाचे वाटते. परंतु पानिपतानंतर (१७६१) लवकरच ते थांबते, म्हणजे कारकीर्दीचा खरा भाग सुरू होण्यापूर्वीच. नानांहून एका वर्षाने लहान असलेल्या टॉमस जेफरसनचे आत्मचरित्रही, तो परराष्ट्रमंत्री होण्यासाठी १७९० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचतो तेथेच संपते. त्याने निदान त्याआधीचे राजकारण तरी सांगितले आहे. नानांनी तेही सांगितले नाही. सत्ताधारी नानांचा शोध घेणाऱ्यास म्हणून पुन्हा त्या साचेबंद पत्रांकडेच वळावे लागते, आणि त्यांतील कितीतरी पत्रे नानांनी लिहिलेली नसून नानांना आलेली आहेत.